मंजुरीची नोटीस पेपरात आली, आता काय? टॉवरचा पर्यावरण अहवाल आपण कसा वाचायचा

गेल्या महिन्यात पालकसभा संपली आणि सगळे निघाले, तरी एक पालक दाराशी थांबून राहिले. रिक्षा चालवतात, मुलगी आमच्याकडे आठवीत आहे. खिशातून त्यांनी पेपराचं घडी घातलेलं कात्रण काढलं. "टीचर, ये जरा देखो ना. मराठीत आहे, वाचता येतं, पण समजत नाही."

चार ओळींची जाहीर नोटीस होती. कुर्ल्यातल्या एका पुनर्विकास प्रकल्पाला 'पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी' मिळाली आहे आणि मंजुरीपत्राची प्रत संकेतस्थळावर पाहता येईल, एवढंच. त्यांचं घर त्याच प्रकल्पात आहे. त्यांचा सवाल सरळ होता, "म्हणजे आमचं घर पक्कं झालं, की काही गडबड आहे?"

घर पक्कं झालं असा तिचा अर्थ नाही, आणि गडबड आहे असाही नाही. पण त्या नोटिशीच्या तारखेपासून एक मुदत सुरू होते, आणि ही गोष्ट मोहल्ल्यात कुणालाच माहीत नव्हती. खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही नव्हती. कुर्ला, गोवंडी, मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, जिथे जिथे आपली वस्ती दाट आहे, तिथे आता मोठी बांधकामं येत आहेत. म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहिते.

आधीच एक गोष्ट साफ करते. पर्यावरणाचे प्रश्न विचारायचे म्हणजे प्रकल्प बंद पाडायचा, असा एक गैरसमज आहे. बिल्डरची माणसं तो पसरवतात आणि आपणही मान हलवतो. ज्या बाईने तीस वर्षं गळक्या पत्र्याखाली संसार केला, तिला पक्कं घर हवंच आहे. ते घर कसं असावं, त्याचं पाणी कुठे जावं, हे विचारायचा हक तिलाच सर्वांत जास्त आहे.

कायदा काय म्हणतो

मोठं बांधकाम सुरू करण्याआधी त्याचा हवा, पाणी, जमीन, झाडं आणि माणसं यांच्यावर काय परिणाम होईल ते तपासायचं, नुकसान टाळायचे उपाय लिहून द्यायचे आणि मगच परवानगी घ्यायची. याला पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन म्हणतात, कागदोपत्री 'ईआयए'. आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली याची पहिली अधिसूचना जानेवारी १९९४ मध्ये निघाली. तिच्यात कारखाने, धरणं, खाणी होत्या, इमारती नव्हत्या. मोठी बांधकामं २००४ मध्ये आली. आज जी चालते ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, तिच्यात पुढे बरेच बदल होत गेले.

आपल्या कामाचे आकडे दोनच आहेत. एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर पर्यावरण मंजुरी घ्यावीच लागते. ते १,५०,००० चौरस मीटरवर गेलं, किंवा प्रकल्पाची जमीन ५० हेक्टरहून मोठी असली, तर संपूर्ण ईआयए अहवाल द्यावा लागतो. मधल्या गटाला तेवढा मोठा अहवाल लागत नाही. फॉर्म १, फॉर्म १-ए आणि संकल्पना आराखडा यांवर भागतं. इथे बांधकाम क्षेत्र म्हणजे नुसते विकायचे फ्लॅट नव्हेत, तळघरं आणि पार्किंगसकट सगळे मजले धरायचे. एखाद्या प्रकल्पाचा आकडा १९ हजार काहीशे दिसला की माझे कान टवकारतात. एकाच जमिनीचे दोन तुकडे दाखवून दोन छोटे प्रकल्प केले आहेत का, तेही बघावं.

झोपडपट्टी पुनर्वसन असो, जुन्या चाळींचा पुनर्विकास असो, नियम तोच. शाळांचं सांगायचं तर जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने शाळा, कॉलेजं, हॉस्टेलं आणि औद्योगिक शेड यांच्या मोठ्या इमारतींना यातून सूट दिली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. शिक्षिका म्हणून मला ते योग्य वाटलं. शाळेची इमारत काही हवेत तरंगत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कारखाना किंवा खाण यायची असली की जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली जनसुनावणी होते. ३० दिवस आधी पेपरात नोटीस येते, गावकरी उभे राहून बोलतात आणि त्याची नोंद होते. इमारती आणि टाउनशिप यांना मात्र २००६ च्या अधिसूचनेने या सुनावणीतून वगळलं आहे. म्हणजे तुमच्या घराला लागून ४० मजले उभे राहणार असले, तरी कुणी तुम्हाला बोलावून विचारणार नाही. आपल्या लोकांना वाटतं, "सुनावणी होईल तेव्हा बोलू." ती सुनावणी होतच नाही. पेपरातली नोटीस येते ती मंजुरी मिळाल्यावर.

म्हणून जे बोलायचं ते कागदावर, आणि वेळेत बोलावं लागतं.

फाइल कुठे जाते

बिल्डर अर्ज करतो केंद्राच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर. राज्याची तज्ज्ञ समिती तो तपासते आणि शिफारस करते. मग राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण मंजुरी देतं किंवा नाकारतं. समितीला ६० दिवस आणि प्राधिकरणाला ४५ दिवस, असा हिशेब अधिसूचनेत आहे. समितीच्या बैठकीचा अजेंडा आणि इतिवृत्त, दोन्ही संकेतस्थळावर टाकली जातात. मोबाइलवर राज्य आणि प्रकल्पाचं नाव टाकून शोधता येतं. साइट कधी अडकते, पण चिकाटी ठेवली तर कागद मिळतात.

आपण पत्र द्यायची खरी वेळ हीच, अर्ज दाखल झाल्यापासून समितीची बैठक होईपर्यंत. मराठीत लिहिलेलं चालतं. समितीने ते वाचलंच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही, हे खरं आहे. पण नेमका प्रश्न, नकाशा आणि फोटो जोडलेलं पत्र फाइलीत असलं, तर पुढे "आम्हाला कल्पना नव्हती" असं कुणाला म्हणता येत नाही.

अहवाल कोण लिहितं? मान्यताप्राप्त सल्लागार संस्था. तिची फी कोण देतं? बिल्डर. यात लगेच बेईमानीच आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्याने परीक्षा द्यायची त्यानेच पेपर तपासणाऱ्याला पगार द्यायचा, असली व्यवस्था आम्ही शाळेत तरी चालू देणार नाही. माहिती जाणूनबुजून लपवली किंवा खोटी दिली, तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते, अशी तरतूद अधिसूचनेतच आहे. त्यामुळे "अहवालात नाला दाखवलेला नाही, हा घ्या नाल्याचा फोटो" अशा एका ओळीला वजन असतं.

हिवाळ्यात मोजलेलं पाणी

त्या पालकांचा प्रकल्प १,५०,००० चौरस मीटरच्या वरचा निघाला, म्हणजे ईआयए अहवाल होता. मी तो उतरवून घेतला. शेकडो पानं, सगळी इंग्रजीत. घाबरायचं कारण नाही. त्यातली निम्मी पानं अशा कुठल्याही अहवालात जवळपास तशीच असतात. आपल्या कामाची पंधरा-वीस.

पहिलं पान शोधायचं ते 'सध्याची स्थिती' सांगणारं. हवा किती धुळकट, आवाज किती, पाणी कसं, हे प्रकल्प येण्याआधी मोजून ठेवतात, म्हणजे पुढे तुलना करता येते. मोजणी कधी केली तेही लिहिलेलं असतं. नियमाने एका हंगामाची मोजणी पुरते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून धरायचा असतो. हवेच्या बाबतीत यात कारण आहे, पावसात धूळ बसते आणि आकडे उगीच चांगले येतात. पण आपल्या वस्तीचं संकट कोणत्या महिन्यात येतं? डिसेंबरात का?

कुर्ल्यात कुणालाही विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी घरांत शिरली. आजही काही घरांत भिंतीवर त्या पाण्याची खूण दाखवतात. क्रांतीनगरातल्या लोकांना तर अजूनही मोठ्या पावसात सामान डोक्यावर घेऊन शाळेत आसरा घ्यावा लागतो.

तो पाऊस अचाट होता, यात वाद नाही. पण पाणी जायला जागा उरली नव्हती, हेही तितकंच खरं. मिठी विहार आणि पवई तलावांकडून निघते आणि साधारण १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला वळवलं, दाबलं. खाली दोन्ही बाजूंना दलदल आणि खाजण होती, भरतीचं आणि पावसाचं पाणी ते पोटात घ्यायचं. त्यावर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. एमएमआरडीएला तिथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं ते १९७७ मध्ये. तेव्हा ईआयए नावाची गोष्ट भारतात कायद्यात नव्हती. भराव टाकताना "हे पाणी उद्या कुणाच्या घरात जाईल" हा प्रश्न कागदावर लिहून कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही. संकुलाच्या काचेच्या इमारती आणि आमच्या मुलांची घरं, मध्ये फक्त नदी आहे.

आज तो प्रश्न विचारायचा कायदा आहे. पण मोजणी हिवाळ्यातली. म्हणून अहवालात जुलै महिना नसेल, तर तो आपणच पुरवावा लागतो. कसा, ते पुढे सांगते.

पाण्याचं गणित

हे गणित मी आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडलं होतं. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होतं. प्लॉट ३ हेक्टरचा धरा, म्हणजे ३०,००० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर १५ लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर एका तासात १५० टँकर.

माती आणि गवत असेल तर यातलं बरंचसं पाणी मुरतं किंवा हळूहळू वाहतं. पण प्लॉटभर तळघर खोदून वर काँक्रीट टाकलं, तर जवळपास सगळं लगेच बाहेर पडतं. मग अहवालात लिहिलेलं असतं, "पर्जन्यजल संधारणाच्या टाक्या दिल्या आहेत." छान वाटतं. टाकी किती लिटरची? ३ लाखांची असली, तर वरच्या पावसात ती १२ मिनिटांत भरते. तेराव्या मिनिटाला पाणी कुठे जाणार, हा आपला सवाल.

"महापालिकेच्या नाल्यात," असं उत्तर येतं. मुंबईचे जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले होते. ते दुप्पट, म्हणजे ५० मिलिमीटरचे करावेत ही शिफारस १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालातली, आणि ते काम २००५ च्या पुरानंतरच खऱ्या अर्थाने हलू लागलं. भरती असली की नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाऊस तुंबून राहतो. म्हणून पत्रात विचारायचं: कोणता नाला, त्याची रुंदी-खोली किती, आज तो पावसात भरून वाहतो का, आणि प्लॉटची पातळी भराव टाकून किती वाढवणार? ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. नवा प्लॉट तीन फूट उंच झाला, तर शेजारची जुनी गल्ली आपोआप खड्डा होते. प्रकल्पातल्यांची घरं कोरडी आणि समोरच्यांची ओली. दोन्हीकडे आपलीच माणसं.

दुसरं गणित वापरायच्या पाण्याचं. दर माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, ९० लिटर चांगलं पाणी आणि ४५ संडासाच्या फ्लशला. १,२०० घरं आणि घरटी ५ माणसं धरली, तर ६,००० माणसांना दिवसाला ८ लाख १० हजार लिटर. महापालिका एवढं देणार का, तसं पत्र फाइलीला जोडलं आहे का, ते बघायचं. नसेल तर टँकर किंवा बोअरवेल ठरलेली.

यातलं ८० ते ९० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येतं. त्यासाठी इमारतीतच प्रक्रिया केंद्र बांधायची अट असते आणि शुद्ध केलेलं पाणी फ्लशला, बागेला वापरायचं असतं. कागदावर हे उत्तम आहे. पण ते चालवायला वीज लागते, माणूस लागतो, दर महिन्याला पैसा लागतो. बिल्डर सोसायटीच्या हाती किल्ल्या देऊन निघून जातो. पुनर्वसनाच्या इमारतीत लिफ्टचं बिल भरताना मारामार होते, तिथे हे केंद्र कोण चालवणार? यंत्र बंद पडलं की मैला सरळ नाल्यात. विक्रीच्या टॉवरचं आणि पुनर्वसनाच्या इमारतीचं केंद्र एकच आहे का, देखभालीचा निधी कोण ठेवणार, किती वर्षांसाठी, हे मंजुरीच्या आधी लिहून घेतलं पाहिजे. माझ्या मते अख्ख्या अहवालात आपल्या कुटुंबांच्या खिशाला लागणारा याहून मोठा मुद्दा नाही.

घराच्या आतलं पर्यावरण

पर्यावरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडं आणि पक्षी येतात. झाडं हवीतच, जमिनीच्या दर ८० चौरस मीटरला एक झाड असा निकष २०१६ पासून लिहिलेला आहे. पण गोवंडी-मानखुर्दमधल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती बघा. इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम ३ मीटर. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी तिथे घरोघर जाऊन अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. जिथे ऊन आणि वारा पोचत नाही अशा खालच्या घरांत क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. झोपडीतून माणूस पक्क्या घरात गेला आणि टीबी सोबत राहिला.

म्हणून आराखड्याचं पान उघडून पट्टी ठेवा. पुनर्वसनाच्या दोन इमारतींत किती मीटर अंतर आहे? विक्रीच्या टॉवरची सावली कुणावर पडते? मैदान, बाग, मोकळी जागा कुठे दाखवली आहे आणि तिथे आपल्या मुलांना जाता येणार का, की मध्ये गेट येणार?

बांधकामाची चार-पाच वर्षंही धरावी लागतात. तळघरासाठी १५,००० चौरस मीटर जागा ८ मीटर खोल खोदायची असेल, तर १ लाख २० हजार घनमीटर माती निघते. डंपरमागे १० घनमीटर धरले तर १२,००० खेपा. वर्षातले ३०० दिवस काम चाललं तर रोज ४० डंपर जाणार आणि ४० येणार. कोणत्या रस्त्याने? शाळा सुटायची वेळ वगळणार का? शाळा आणि दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, दिवसा मर्यादा ५० डेसिबल. पायलिंगचं यंत्र चालू असताना मी फळ्यासमोर ओरडून शिकवलं आहे, त्यामुळे हा आकडा माझ्या लक्षात आहे. धुळीची मर्यादाही ठरलेली आहे, पीएम १० साठी २४ तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ साठी ६०. अहवालातलं मोजणीचं यंत्र नेमकं कुठे ठेवलं होतं ते नकाशावर बघा. दाट वस्तीत ठेवलं होतं, की लांब झाडीत?

आपली मोजणी

अहवाल सांगत नाही ते आपल्याला माहीत असतं, फक्त लिहिलेलं नसतं. घरातल्या बायकांना विचारा, पाणी कुठून शिरतं, कितव्या पायरीला लागतं आणि उतरायला किती तास घेतं. माझ्या वर्गाला मी हाच गृहपाठ दिला. मुलांनी आपापल्या घरी अम्मीला, दादीला विचारून पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहिली, भिंतीवरच्या खुणेचा पट्टीसकट फोटो काढला आणि गल्लीच्या नकाशावर ठिपके मांडले. एका मुलीची दादी म्हणाली, "पानी नाले से नहीं आता, संडास से आता है." ही माहिती कुठल्याच अहवालात सापडली नसती.

मोहल्ल्यातल्या मस्जिदीत विहीर आहे, वुजूला तिचंच पाणी वापरतात. शेजारी खोल तळघर खोदताना दिवसरात्र पंप लावून जमिनीतलं पाणी उपसतात आणि विहिरी आटतात. म्हणून खोदकामाआधीच दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजायची, तारीख घालून वहीत लिहायची, दर महिन्याला. हे काम एका मुअज्जिन साहेबांनी आनंदाने अंगावर घेतलं. शेजारच्या घरांच्या भिंतींना आज तडे आहेत की नाहीत, त्याचेही तारखेसकट फोटो हवेत. नंतर "तडे आधीपासूनच होते" हे उत्तर हमखास येतं.

नेमक्या मागणीचं काय होतं, याचं एक उदाहरण वरळीचं. सागरी किनारा रस्त्याचं काम सुरू झालं तेव्हा तिथल्या कोळी बांधवांनी एक ठराविक मुद्दा धरला. पुलाच्या खांबांमधलं ६० मीटर अंतर बोटींना पुरणार नाही, लाटेत बोट खांबावर आदळेल. मामला वर्षानुवर्षं चालला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या रस्त्याची मंजुरी रद्द केली आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. रस्ता झालाच. पण कोळ्यांनी मीटरचा हट्ट सोडला नाही, आणि शेवटी अंतर १२० मीटर करणं मान्य झालं.

मंजुरी निघून गेली असेल, तरी सगळं संपत नाही. राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येतं, आपल्यासाठी त्याचं पीठ पुण्यात आहे. मुदत मंजुरी कळवल्यापासून ३० दिवस. सबळ कारण दिलं तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत माफी देऊ शकतो, त्यापुढे एक दिवसही नाही. अपिलाला खर्च आहे, वकील आहे, म्हणून मी उठसूट तो सल्ला देणार नाही.

त्यापेक्षा मंजुरीपत्रातल्या अटी वाचा. मंजुरीची प्रत महापालिकेलाही जाते आणि ती ३० दिवस लोकांना दिसेल अशी लावायची असते. अटी पाळल्या की नाही याचा अहवाल बिल्डरने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो मिळाला नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज मराठीतून करा. तळमजल्याची उंची, प्रक्रिया केंद्र, डंपरची वेळ, झाडं, सगळं अटींशी ताडून बघता येतं. मोडलेली अट फोटोसकट दाखवणं हे अपिलापेक्षा स्वस्त काम आहे.

त्या पालकांच्या कात्रणावरची तारीख बघितली तर अकरा दिवस होऊन गेले होते. मंजुरीपत्रात एकंदर पन्नासहून जास्त अटी निघाल्या. आम्ही त्यातल्या नऊ निवडल्या, मराठीत आणि उर्दूत लिहिल्या, आणि त्यांनी दोनशे झेरॉक्स काढून आणल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको शाळेत आली. तिने यादीतल्या सातव्या अटीवर, सांडपाण्याच्या केंद्रावर, बोट ठेवलं आणि विचारलं, "टीचर, याचं महिन्याचं बिल किती येतं, ते यात कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. आमच्या पत्रात आता तो पहिला प्रश्न आहे.